नोडमध्ये जड कामांसाठी वर्कर पूल: पहिल्यांदाच उभा करणाऱ्यांसाठी

समजा नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.जेएस) चालणाऱ्या तुमच्या सर्व्हरवर अहवाल बनवून देणारा एक राउट, म्हणजे ठरावीक पत्त्यावरच्या रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड, आहे. रिक्वेस्ट आली की पाच लाख नोंदी चाळायच्या, गटवार बेरजा करायच्या, क्रम लावायचा आणि निकाल पाठवायचा. काम तीन सेकंदांचं. या तीन सेकंदांत दुसऱ्या कोणाचीही रिक्वेस्ट आली, अगदी 'सर्व्हर चालू आहे का' एवढंच विचारणारी हेल्थ चेकची, तरी तिला उत्तर मिळत नाही. लोड बॅलन्सर (सर्व्हरच्या अनेक प्रतींत रिक्वेस्ट वाटणारा) दोनच सेकंद थांबणारा असेल तर तो ही प्रत बंद पडली असं समजतो आणि तिच्याकडे रिक्वेस्ट पाठवणं थांबवतो. तिचा भार उरलेल्या प्रतींवर जातो, आणि तिथेही कोणीतरी अहवाल मागितलेलाच असतो. एका फंक्शनपायी सगळी सेवा आडवी होते ती अशी.

याचं मूळ नोडच्या रचनेत आहे. तुमचं जावास्क्रिप्ट एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे सूचना एकामागून एक पार पाडणाऱ्या एकाच धाग्यावर, चालतं. इव्हेंट लूप एक काम उचलतो, ते संपेपर्यंत चालवतो, मगच पुढचं उचलतो. नवीन माणूस इथे हमखास एका गोष्टीला फसतो: फंक्शनच्या आधी असिंक लिहिलं आणि आत अवेट टाकलं की काम मागे गेलं असं त्याला वाटतं. ते मागे जात नाही. अवेटचा उपयोग जिथे खरोखर वाट बघायची आहे तिथे. बेरजा करणारा लूप कशाचीच वाट बघत नसतो, तो प्रोसेसर वापरत असतो, आणि तोही मुख्य थ्रेडवर बसूनच.

हे काम बाजूच्या थ्रेडवर न्यायची सोय म्हणजे वर्कर थ्रेड्स हे मॉड्यूल. २०१८ मध्ये नोडच्या १०.५.० या आवृत्तीत ते प्रायोगिक म्हणून आलं, ११.७.० पासून त्यासाठी वेगळा फ्लॅग द्यावा लागेनासा झाला आणि १२ च्या मालिकेत ते स्थिर झालं. थ्रेड सुरू करायला चार ओळी पुरतात. कस लागतो तो पुढे: आत घेतलेल्या प्रत्येक कामाला, काहीही झालं तरी, शेवटी एक आणि एकच उत्तर मिळालं पाहिजे. पूल, म्हणजे आधीच सुरू करून ठेवलेल्या अशा थ्रेडांचा ताफा, लिहिणं म्हणजे मुख्यतः हा हिशेब सांभाळणं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

फंक्शनांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून इथे सुटी लिहिली आहेत. कोडमध्ये ती जोडून येतात.

पायरी १: आधी मोजा

थ्रेडला हात लावण्याआधी लूप खरंच अडतोय का ते बघा. परफ हुक्स या मॉड्यूलमध्ये मॉनिटर इव्हेंट लूप डिले नावाचं फंक्शन आहे. ते सुरू ठेवलं की लूपला किती उशीर होतोय याची नोंद जमत जाते. आकडे नॅनोसेकंदांत मिळतात, म्हणजे १० लाखांनी भागले की मिलिसेकंद. सरासरीकडे बघू नका, ती फार गोड दिसते. ९९ वा पर्सेंटाइल (१०० पैकी ९९ नोंदी ज्याच्या आत येतात तो आकडा) आणि कमाल आकडा बघा. नेमकं कोणतं फंक्शन वेळ खातंय हे शोधायला नोड सीपीयू प्रोफच्या फ्लॅगसह चालवा. तयार झालेली फाइल क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये उघडते.

एकेका कामाचा वेळ बघून निर्णय घेऊ नका. तो वेळ आणि ते काम सेकंदाला किती वेळा येतं, यांचा गुणाकार करा. ५० मिलिसेकंदांचं काम निरुपद्रवी वाटतं, पण ते सेकंदाला २० वेळा आलं की अख्खा सेकंद तिथेच खर्च झाला.

आणि एक कळकळीचं सांगणं: प्रोफाइलमध्ये दिसलेलं फंक्शन आधी नीट वाचा. लूपच्या आत लूप टाकून याद्या जुळवल्या असतील आणि तिथे मॅप वापरून तीन सेकंदांचं काम ८० मिलिसेकंदांवर येत असेल, तर पूल उभा करायची गरजच पडणार नाही.

पायरी २: काम कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

डेटाबेसला विचारणं, दुसऱ्या सेवेला हाक मारणं, ही वाट बघण्याची कामं. त्यांच्यासाठी वर्कर घेऊन काही मिळत नाही. नोडची स्वतःची पद्धत त्यांना जास्त स्वस्तात सांभाळते.

दुसरी जात जरा चकवणारी आहे. फाइल वाचणं-लिहिणं, झीलिबने डेटा दाबणं-उलगडणं, पीबीकेडीएफ२ किंवा एसक्रिप्टने पासवर्डचं हॅश काढणं, डीएनएस लुकअप, ही कामं नोड आधीपासूनच मागच्या थ्रेडवर करतो. त्यासाठी लिबयूव्हीचा (नोडच्या आतली, असली कामं सांभाळणारी लायब्ररी) स्वतःचा छोटा पूल असतो आणि त्यात मुळात ४ थ्रेड असतात. तुम्ही फक्त सिंक शेपटी असलेलं फंक्शन टाळायचं आणि असिंक्रोनस रूप वापरायचं. एकाच वेळी पाच हॅश मागितले तर पाचवा थांबतो, आणि त्याच्यामागे एखादं निरागस फाइल वाचनही अडकतं. असं होत असेल तर यूव्ही थ्रेडपूल साइझ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने आकडा वाढवता येतो, कमाल १०२४ पर्यंत. तो प्रोसेस सुरू होण्याआधी द्यावा. हा लिबयूव्हीचा पूल आणि आपण बांधणार आहोत तो पूल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात तुमचं जावास्क्रिप्ट चालत नाही, आणि पूर्ण प्रोसेसमध्ये तो एकच असतो. तुमचे सगळे वर्करसुद्धा त्याच्याच दाराशी येतात.

तिसरी जात आपली: शुद्ध जावास्क्रिप्टमधली आकडेमोड. मोठ्या सीएसव्हीचं विश्लेषण, पीडीएफ रचणं, दोन दस्तऐवजांची तुलना, हजारो नोंदींवर नियम लावणं. पुढचं सगळं या जातीसाठी.

पायरी ३: एकच वर्कर चालवून बघा

वर्करचं काम वेगळ्या फाइलमध्ये लिहा. त्या फाइलमध्ये पेरेंट पोर्टवर (मुख्य थ्रेडशी बोलायची वाट) मेसेज ऐकायचा, हिशेब करायचा आणि पोस्ट मेसेजने उत्तर परत पाठवायचं. मुख्य फाइलमध्ये त्या फाइलचा पत्ता देऊन नवा वर्कर तयार करायचा, त्याला मेसेज पाठवायचा, आणि त्याच्याकडून येणारे मेसेज, एरर आणि एक्झिट हे तिन्ही इव्हेंट ऐकायचे. एरर ऐकणारं कोणी नसेल तर वर्करमधली न पकडलेली चूक मुख्य थ्रेडवर येऊन पूर्ण प्रोसेस पाडते, म्हणून प्रयोगातसुद्धा ते सोडू नका. सापेक्ष पत्ता प्रोसेस ज्या फोल्डरमधून सुरू झाली तिथून मोजला जातो, चालू फाइलपासून नाही. म्हणून तो मॉड्यूलच्या स्वतःच्या यूआरएलवरून बांधलेला बरा.

प्रत्येक वर्करला स्वतःचं व्ही८ (जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन), स्वतःचा हीप (ऑब्जेक्ट ठेवायची मेमरी) आणि स्वतःचा इव्हेंट लूप असतो. मुख्य थ्रेडवरचा कॅश त्याला दिसत नाही. इम्पोर्ट केलेली मॉड्यूलं तो पुन्हा लोड करतो. वर्करमध्ये प्रोसेस एक्झिट बोलावलं तर सर्व्हर नाही, फक्त तो थ्रेड संपतो. वर्करमधले कन्सोल लॉग मुख्य थ्रेडमार्फत बाहेर पडतात. मुख्य थ्रेड अडलेला असेल तर ते दिसतच नाहीत, आणि वर्कर चालतच नाही असा भास होऊन माणूस भलतीकडे शोधत बसतो.

पायरी ४: पूल बांधा

दर रिक्वेस्टला नवा वर्कर काढला तर चालतं, पण थोडा वेळच. नवं व्ही८ उभं करायला आणि मॉड्यूलं लोड करायला वेळ लागतो, मेमरी लागते, आणि एकदम दोनशे रिक्वेस्ट आल्या तर दोनशे थ्रेड प्रोसेसरच्या मूठभर कोअरवर भांडतात. म्हणून ठरावीक वर्कर आधीच सुरू करून ठेवायचे आणि त्यांनाच आलटून पालटून काम द्यायचं.

पूलला तीन गोष्टी आठवणीत ठेवाव्या लागतात: मोकळ्या वर्करांची यादी, थांबलेल्या कामांची रांग, आणि कोणत्या वर्करकडे आत्ता कोणतं काम आहे याची नोंद. प्रत्येक कामाबरोबर त्याचा क्रमांक आणि त्याच्या प्रॉमिसचे रिझॉल्व्ह व रिजेक्ट जपून ठेवायचे. मग आराखडा असा होतो:

काम आलं की:
　　पूल बंद होत असेल किंवा रांग भरली असेल, तर लगेच नकार
　　नाहीतर रांगेत टाका आणि वाटप करा

वाटप:
　　मोकळा वर्कर आहे आणि रांगेत काम आहे, तोपर्यंत
　　　　पहिलं काम काढा, वर्करच्या नावावर लिहा, घड्याळ लावा, पाठवा

वर्करकडून उत्तर आलं की:
　　क्रमांक जुळतो का बघा, घड्याळ थांबवा
　　प्रॉमिस पूर्ण करा किंवा नाकारा
　　वर्कर मोकळा करा, पुन्हा वाटप

वर्करची एरर आली की:
　　ती फक्त लिहून ठेवा

वर्कर संपला की:
　　त्याच्या नावावर काम असेल तर ते नाकारा
　　त्याला यादीतून काढा, बदली वर्कर आणा, पुन्हा वाटप

शेवटचे दोन भाग मुद्दाम असे लिहिले आहेत. वर्करमध्ये न पकडलेली चूक झाली की आधी एररचा इव्हेंट येतो आणि पाठोपाठ एक्झिटचा. दोन्हीकडे बदली आणायचा कोड लिहिला तर एक वर्कर मेल्यावर दोन जन्माला येतात आणि पूल गुपचूप फुगत जातो. उलट फक्त एररवर भिस्त ठेवली तर एखाद्या लायब्ररीने आतून प्रोसेस एक्झिट बोलावलेलं सुटतं: त्यात एरर येतच नाही, काम कोणाच्याही हिशेबात राहत नाही, आणि ब्राउझर नुसता फिरत राहतो. निकाल लावायची जागा एकच ठेवा, एक्झिट.

बदली आणताना आणखी एक खबरदारी. वर्करच्या फाइलमध्येच चूक असेल, तर तो सुरू होताक्षणी मरतो, बदली येतो, तोही मरतो, आणि हे चक्र पूर्ण वेगाने फिरत राहतं. एकही काम न संपवता लागोपाठ तीन-चार वर्कर मेले तर पूलने हात वर करावेत, रांगेतली सगळी कामं नाकारावीत आणि लॉगमध्ये स्पष्ट लिहावं.

वर्करच्या बाजूनेही शिस्त हवी. हिशेबाभोवती ट्राय-कॅच असू द्या आणि चूक झाली तर ती उत्तर म्हणूनच पाठवा. चुकीच्या इनपुटपायी थ्रेड मरू देणं महाग पडतं. एरर ऑब्जेक्ट पलीकडे जाताना त्याचा संदेश टिकतो, पण तुम्ही जोडलेली खास प्रॉपर्टी, म्हणजे चुकीचा कोड वगैरे, गळून पडते. तो कोड वेगळ्या फील्डमध्ये पाठवा.

किती वर्कर ठेवावेत?

ओएस मॉड्यूलमधलं अव्हेलेबल पॅरललिझम हे फंक्शन आकडा देतं. मुख्य थ्रेडसाठी त्यातून एक वजा करून सुरुवात करा. पण त्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. कंटेनरला दोनच कोअरची मर्यादा असताना यजमान मशीनचे सगळे कोअर मोजले गेले, असं होऊ शकतं. म्हणून मी हा आकडा नेहमी कॉन्फिगरेशनमधून देते. एकाच मशीनवर सर्व्हरच्या अनेक प्रती चालत असतील तर गुणाकार करा: ८ कोअर, ४ प्रती, प्रत्येकीत ७ वर्कर म्हणजे २८ थ्रेड ८ कोअरवर झगडणार. काम सगळंच आकडेमोडीचं असेल तर कोअरपेक्षा जास्त वर्कर ठेवून वेग वाढत नाही, फक्त मेमरी जाते.

पायरी ५: पलीकडे काय पाठवताय ते बघा

सगळं बरोबर बांधूनही सर्व्हर अडतो तो बहुतेकदा इथे. पोस्ट मेसेज जे काही पाठवतो त्याची स्ट्रक्चर्ड क्लोन पद्धतीने नक्कल होते, आणि ती नक्कल पाठवणाऱ्या थ्रेडवर, त्याला थांबवून होते. पाच लाख ऑब्जेक्टची यादी मुख्य थ्रेडवर डेटाबेसमधून आणली आणि वर्करकडे पाठवली, तर आकडेमोड मागे गेली खरी, पण नक्कल करण्याचा भार मुख्य थ्रेडवर आलाच. निकालाचंही तेच: वर्करने मोठी रचना परत पाठवली की ती उलगडण्याचं काम मुख्य थ्रेडवर.

उपाय साधा आहे. वर्करला माल देऊ नका, मालाचा पत्ता द्या. फाइलचं नाव, तारखांची मर्यादा, नोंदीचा क्रमांक एवढंच पाठवा आणि वाचायचं काम त्यालाच करू द्या. परत येताना त्याने लहान निकाल द्यावा, किंवा मोठा निकाल फाइलमध्ये लिहून तिचं नाव द्यावं. जेसन मजकूरच उत्तर म्हणून जाणार असेल तर स्ट्रिंगही वर्करमध्येच बनवा.

बाइट्स पाठवायचेच असतील तर ॲरे बफर (कच्च्या बाइट्सचा सलग तुकडा) सुपूर्द करता येतो. पोस्ट मेसेजच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये त्याची यादी दिली की नक्कल न होता मालकीच पलीकडे जाते. त्यानंतर पाठवणाऱ्या बाजूला तो बफर रिकामा होतो, लांबी शून्य, आणि त्यावर बेतलेले सगळे व्ह्यूही निकामी होतात. नोडचे छोटे बफर मात्र ८ किलोबाइटच्या एका सामायिक साठ्यातून कापलेले असू शकतात. ते सुपूर्द करायच्या फंदात पडू नका, तेवढ्यांची नक्कल स्वस्तच असते.

फंक्शन पाठवता येत नाही. प्रयत्न केला तर एरर मिळते. क्लासचं ऑब्जेक्ट जातं, पण पलीकडे त्याच्या मेथड नसतात. मॅप, सेट, तारीख, बिगइंट हे सगळं नीट पोचतं. शेअर्ड ॲरे बफर आणि ॲटॉमिक्सने दोन थ्रेडना एकच मेमरी वापरता येते, पण पहिल्या पूलमध्ये त्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. त्या चुका कधी दिसतात, कधी दिसत नाहीत, आणि नवीन माणसाचा धीर तिथेच सुटतो.

पायरी ६: रांगेला मर्यादा घाला

चार वर्कर, प्रत्येक काम तीन सेकंदांचं, म्हणजे पूल मिनिटाला ८० कामं उपसतो. मिनिटाला १०० येऊ लागली तर दर मिनिटाला २० शिल्लक राहतात. तासाभराने रांगेत १२०० कामं असतात आणि शेवटच्याचा नंबर लागायला १५ मिनिटं लागतात. तोपर्यंत मागणारा केव्हाच निघून गेलेला असतो, आणि तुमचा सर्व्हर न वाचल्या जाणाऱ्या अहवालांवर घाम गाळत असतो.

म्हणून उलट्या बाजूने हिशेब करा. माणूस रांगेत जास्तीत जास्त १५ सेकंद थांबेल असं धरलं, तर एका वर्करमागे पाच कामं, चार वर्करमागे २०. एकविसाव्याला लगेच ५०३ हा स्टेटस द्या आणि रिट्राय आफ्टरच्या हेडरमध्ये पुन्हा कधी यायचं ते सांगा. नकार देताना वाईट वाटतं, पण लगेच मिळालेला नकारही उत्तरच असतं, १५ मिनिटांची शांतता नाही. रिक्वेस्टचं कनेक्शन तुटलं की तिचं रांगेतलं काम काढून टाकायची सोयही ठेवा.

काम हरवून चालणारच नसेल, उदाहरणार्थ महिन्याची बिलं बनवायची असतील, तर मेमरीतली रांग त्यासाठी नाही. प्रोसेस बंद पडली की ती रांग जाते. तिथे डिस्कवर टिकणारी रांग लागते आणि हा पूल फक्त तिच्यातली कामं उपसणारा हात होतो.

पायरी ७: वेळेची आणि मेमरीची मर्यादा

वर्कर अनंत लूपमध्ये अडकला तर त्याला 'थांब' असा मेसेज पाठवून उपयोग नाही. मेसेज वाचायला त्याचा इव्हेंट लूप मोकळा हवा, आणि तोच तर अडकलाय. अशा वेळी मुख्य थ्रेडवरून टर्मिनेट बोलवायचं. घड्याळ काम वर्करच्या हाती दिल्यापासून मोजा, रांगेत गेलेला वेळ त्यात धरू नका. वेळ संपली की 'मुदत संपली' हे कारण लिहून ठेवा आणि टर्मिनेट करा. पुढचं काम एक्झिटचा भाग करतो, नकारही आणि बदलीही. मध्येच मारलेला वर्कर अर्धवट लिहिलेली फाइल मागे ठेवू शकतो. त्यामुळे फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यावं.

वर्कर तयार करताना रिसोर्स लिमिट्समध्ये ओल्ड जनरेशनची (हीपमधला, जास्त काळ टिकणाऱ्या ऑब्जेक्टचा भाग) कमाल मेगाबाइटमध्ये देता येते. हीप तिच्यापलीकडे गेला तर फक्त तो थ्रेड संपतो, सर्व्हर उभा राहतो. ॲरे बफर मात्र या मर्यादेत मोजले जात नाहीत, हे लक्षात असू द्या.

तयार लायब्ररी घ्यावी का?

प्रॉडक्शनसाठी घ्या. पिसिना ही वर्कर पूलची लायब्ररी यातलं बरंच काही करून देते: किमान आणि कमाल थ्रेड, रांगेची मर्यादा, ॲबॉर्ट सिग्नलने काम रद्द करणं. पण तिच्यात रांगेला आपणहून मर्यादा नसते, ती मॅक्स क्यूमध्ये तुम्हालाच द्यावी लागते. ऑटो दिलं तर कमाल थ्रेडच्या संख्येच्या वर्गाएवढी मर्यादा ती धरते. मुदतीचा सिग्नलही तुम्हीच लावायचा. तरीही एकदा स्वतःचा पूल लिहून बघाच, निदान दीडशे ओळींचा. मग लायब्ररीचा प्रत्येक पर्याय कोणत्या अपघातासाठी आहे ते वाचताक्षणी कळतं.

पायरी ८: सर्व्हर बंद करताना, आणि तपासताना

सिगटर्म (प्रोसेसला बंद व्हायला सांगणारा सिग्नल) आला की नवी कामं घेणं बंद करा, रांगेतली नाकारा, चालू असलेल्यांना ठरावीक वेळ द्या, त्यानंतरही उरलेले वर्कर टर्मिनेट करा. या अवस्थेत बदली वर्कर आणू नका, नाहीतर प्रोसेस संपतच नाही.

तपासणीसाठी मुद्दाम चार वाईट कामं लिहा: एक एरर फेकणारं, एक कधीच न संपणारं, एक प्रोसेस एक्झिट बोलावणारं आणि एक मेमरी खात सुटणारं. ती चांगल्या कामांत मिसळून काही हजार वेळा पूलमध्ये सोडा, आणि त्याच वेळी दुसऱ्या टर्मिनलवरून दर १०० मिलिसेकंदांनी हेल्थ चेक मागत राहा. हेल्थ चेकला उशीर झाला तर पायरी ५ कडे परत जा. सगळं शांत झाल्यावर मोजणी करा: आलेली कामं म्हणजे यशस्वी, अयशस्वी, नाकारलेली आणि मुदत संपलेली यांची बेरीज, आणि जिवंत वर्कर सुरुवातीला होते तेवढेच. एकाचाही फरक आला तर तो एक्झिटच्या भागात शोधायला सुरुवात करा.